काकासाहेबांनी सोडलेलं मीठ

आमच्या शेजारचे काकासाहेब वैजापूरच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि लगेच वैद्य झाले. डिग्री मोबाइलनं दिली. रोज सकाळी हर्सूल तलावावर फिरून आले की गल्लीत उभं राहून सांगायचे, “मीठ म्हंजे जहर. आमच्या घरात पार बंद केलंय.” असला दीडशहाणा दुसरा मी पाहिला नाही.

त्यांच्या बायकोला, भागूबाईंना, बीपीची गोळी चालू होती. त्यात अळणी भाजी आणि वर तांब्यामागून तांब्या पाणी, असा नवऱ्याचा हुकूम. महिन्याभरात बाई चालताना झोकांड्या खायला लागल्या, उलट्या झाल्या, मला सख्ख्या बहिणीच्या नावानं हाका मारू लागल्या. काकासाहेब म्हणाले, “वेड पांघरून पेडगावला चाललीय. मीबी तेच खातो, मला काय झालं का?”

शेवटी मीच रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, “रक्तातलं सोडियम पार उतरलंय. गोळीमुळं मीठ लघवीतून जात होतं, जेवणातून येत नव्हतं, उरलेलं पाण्यानं पातळ झालं. मेंदूला सूज आलीय, म्हणून बरळतायत.” हा शहाणा तिथंही छाती काढून म्हणतो, “माझंबी तपासा!” त्याचं अगदी चोख निघालं. “बघा, मन खंबीर लागतं!”

चार दिवसांनी भागूबाई भानावर आल्या. नवऱ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, “उद्या तलावावरून येताना भजी मलाबी आणा. तुमच्या सदऱ्यावरचं तेल रोज मीच धुते.”