ओवाळणीत घातलेली फाईल

वालीवला शेडच्या रांगेत प्रितेशचा गाळा शोधायला फारसा त्रास पडत नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर तो हसतो आणि म्हणतो, "तो 'नका करू'वाला ना? सरळ जा, शेवटचा." आता धंदा करणाऱ्या माणसाचं असं नाव पडणं काही भूषणाचं नाही, पण प्रितेशला ते भलतंच आवडायचं. धंदा काय, तर गाडीच्या इंजिनची ताकद वाढवून द्यायची. आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य काय, तर नका करू.

हल्लीच्या गाडीत इंजिनला एक कॉम्प्युटर असतो. किती डिझेल सोडायचं, टर्बोनं किती हवा आत कोंबायची, हे सगळं कंपनीनं त्यात भरून ठेवलेलं असतं. त्याला हे लोक फाईल म्हणतात. प्रितेश स्टिअरिंगखाली वायर जोडून ती फाईल लॅपटॉपवर घ्यायचा, आकडे बदलायचा आणि परत आत टाकायचा. पान्याला हात नाही, हाताला काळं नाही. गाडी मात्र अशी बदलायची, की मालक पहिल्या फेरीहून परत यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू आवरत नसे.

पण त्याआधी प्रितेशचं भाषण ऐकावं लागायचं. "वॉरंटी शिल्लक आहे ना? मग घरी जा. ओव्हरटेक करताना चार क्षण मजा येईल, खरं आहे. पण कंपनीनं ते इंजिन तिच्या आकड्यांवर बनवलंय, आपल्या नाही. उद्या टर्बो बसला, गिअरबॉक्स गेला, तर कंपनी हात झटकणार, आणि तिचं काही चुकणार नाही. कंपनीला कळत नाही असं जो सांगेल ना, त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नका. सगळं कळतं." बरेच जण ऐकून खट्टू होऊन जायचे. वॉरंटी संपली की त्यातलेच काही परत यायचे, आणि येताना आणखी दोघांना घेऊन यायचे. स्वतःच्या प्रामाणिकपणावर प्रितेशचा इतका जीव होता, की कुणी त्याचं कौतुक करायला उशीर केला तर तो स्वतःच करून मोकळा व्हायचा.

एकच दुखणं होतं. त्याच्या घरात तो नेमकं काय करतो हे कुणालाच कळत नव्हतं. खाडीकाठची भातशेतीवाली माणसं. आई भागूबाई शेजारणींना सांगायची, "तो कंपुटरवर आसतो." कुठल्या कंपुटरवर, कशासाठी, हे तिनंही विचारलं नव्हतं. कॉलेज सोडून तो गॅरेजात जायला लागला तेव्हा त्याची बाजू घेऊन भांडली ती फक्त थोरली बहीण, संजना. आणि ती भांडायला उभी राहिली की समोरच्यानं माघार घ्यायची, हे घरात ठरलेलं होतं.

संजनाला पापडीला दिली होती. घर चांगलं, मागे केळीची नि चाफ्याची वाडी. नवरा चिराग जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. घरात सासरे रामनाथ आणि ती. गाडी घ्यायची ठरली तेव्हा रामनाथांचं मत जुनी घ्यावं असं होतं. संजनानं नवीच घ्यायला लावली, तीही वरचे पैसे भरून वाढीव वॉरंटीसकट. "पाच वर्सं डोक्याला ताप नाय, बाबा. काय झालं तर कंपनी बघेल. ह्यांना तिकडं जहाजावर चिंता नको." सुनेचा शब्द म्हणून म्हाताऱ्यानं साठवलेल्यात हात घातला, आणि पुढे जो भेटेल त्याला कौतुकानं सांगितलं, की आमच्या संजनानं डोकं लढवलं बघा. त्या घरात तिचा शब्द चालायला लागला तो त्या गाडीपासून.

गेल्या भाऊबीजेला प्रितेश पापडीला गेला. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि रामनाथांनी अगदी निर्मळ मनानं विचारलं, "प्रितेश, तुमी नेमकं करता काय वो? संजना सांगते, पन आमच्या डोस्क्यात शिरत नाय."

या प्रश्नाची तो कित्येक वर्षं वाट बघत होता. तो सांगायला लागला. फाईल, टर्बो, डिझेलचं प्रमाण. रामनाथ मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे रिपेरिंगच ना?"

तिथं प्रितेशचं डोकं फिरलं. रागानं नाही, हौसेनं. तो म्हणाला, "काका, चावी द्या. या वर्षीची ताईची ओवाळणी गाडीत घालतो."

अंगणात गाडीत बसून त्यानं लॅपटॉप जोडला. संजना पाठोपाठ आली, दाराशी वाकून म्हणाली, "पित्या, कंपनीवाले काय बोलनार नाय ना?"

गाळ्यावर कुणी हा प्रश्न विचारला असता तर भाषण सुरू झालं असतं. पण इथं भाषण केलं तर चावी परत द्यावी लागणार होती, आणि आत ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या लेखी तो रिपेरिंगवालाच राहणार होता. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "कंपनीला काय कळतंय, ताई. थोडंच वाढवतोय."

मग त्यानं रामनाथांना शेजारी बसवून हायवेला चक्कर मारून आणली. पुलाच्या चढावर गाडी झेपावली तेव्हा म्हातारा दचकून दाराला धरून बसला आणि मग लहान मुलासारखा हसायला लागला. घरी आल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं, "तुजा भाऊस जादूगार हाय." प्रितेश त्या दिवशी पापडीहून निघाला तेव्हा जगात त्याच्याइतका सुखी माणूस नसेल.

खरं म्हणजे वालीव यायच्या आतच त्याला टोचायला लागलं होतं. चार दिवसांनी जाऊन मूळ फाईल परत टाकू, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग पुढच्या आठवड्यात. मग ठरवायचंही राहून गेलं.

उन्हाळ्यात एक दिवस सकाळी संजनाचा फोन आला. चिंचोटीहून कामणला जाताना गाडीनं भलामोठा निळा धूर सोडला होता आणि मान टाकली होती. बरोबर रामनाथ. प्रितेश पोचला तेव्हा म्हातारा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर रुमाल डोक्यावर टाकून बसला होता. बॉनेट उघडून प्रितेशनं टर्बोला जोडलेली नळी काढली, आत बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं, आतला पंखा ढिला होऊन बोटानं खुळखुळत होता. टर्बो गेला होता. हे काम कुणाचं, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"घाबरायचं काय नाय," रामनाथ तिकडून म्हणाले. "वारंटी हाय ना."

प्रितेशनं बोटाचं तेल पुसलं. त्यानं आपल्या गाडीतून लॅपटॉप आणला, वायर जोडली आणि कंपनीची मूळ फाईल परत आत टाकली. संजनानं विचारलं काय करतोस, तर म्हणाला, एरर बघतोय. उन्हानं घामाघूम झाला होता, असं तिला वाटलं. रामनाथांना रिक्षात बसवून दिलं, टोइंगवाला आला, आणि भाऊ-बहीण त्याच्यामागून सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथं काउंटरवर ऋतिका नावाची मुलगी होती, एव्हरशाईनच्या सोसायटीत राहणारी, बोलायला गोड. तिनं गाडीला स्कॅनर लावायला सांगितलं, दोघांना पाणी आणवलं. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाली, "मॅडम, गाडीचं बाहेर कुठे काम केलंय का? ट्यूनिंग वगैरे?"

 संजनानं मान वळवून भावाकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. गाड्यांतलं आहे, गाड्यांतल्या माणसानं सांगावं, इतकंच होतं. वर ऋतिकाला कौतुकानं म्हणालीही, "माझा भाऊ यातलाच आहे, तोच सांगेल."

"नाही," प्रितेश म्हणाला. "काही केलेलं नाही."

 ऋतिकाला वाईट वाटलेलं दिसत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, फाईल ओरिजिनलच आहे. पण फाईल कधी कधी बदलली ते कॉम्प्युटरमध्ये राहतं, ते पुसता येत नाही. एकदा दिवाळीत बदललीय. आणि एकदा आज सकाळी." तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला हात पुढे केला आणि मग वळवला नाही. "टर्बो वॉरंटीत नाही करता येणार, मॅडम. इंजिनची पुढची वॉरंटीपण आता गेली. सॉरी."

प्रितेशला हे सगळं ठाऊक होतं. हेच वाक्य तो लोकांना सांगून पैसे मिळवत होता. तरी स्वतः पकडला जाण्याची वेळ आली तेव्हा कुठल्याही अडाणी चोरासारखं त्याला वाटलं होतं, की आपलं तेवढं सुटेल. त्याचे कान तापले. समोरच्या काचेत त्याला आपलं तोंड दिसत होतं आणि तिथून नजर कुठे हलवावी ते कळेना. दिवाळीचं एक वेळ चाललं असतं. आज सकाळचं काय सांगणार? मोरीवर म्हातारा वॉरंटीच्या भरवशावर बसला असताना, बहीण शेजारी उभी असताना, त्यानं खोटं झाकायला खोटं केलं होतं. वर तिच्याच तोंडावर नाही म्हणाला होता.

 पापडीपर्यंत एकटा प्रितेशच बोलत होता. टर्बो मी बसवून देतो, अस्सल बसवतो, तुला एक पैसा लागू देत नाही. पापडीच्या चर्चचा नाका आला तसं तो म्हणाला, "काकांना मी सांगतो सगळं. माझी चूक हाय."

संजना खिडकीबाहेर बघत राहिली.

रामनाथ ओटीवरच होते. दोघांचे चेहरे बघून त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. प्रितेशनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात संजना म्हणाली, "बाबा, कंपनी करून देत नाय. इंजिनची वारंटी गेली. दिवालीला ट्यूनिंग केली ना, तिच्यापायी. अंगणात गाडीत बसल्यावर पित्या नको बोलत व्हता, वारंटी जाईल म्हनून. मीच ऐकलं नाय. मीच हट धरला, कर म्हनून."

 रामनाथांनी सुनेकडे बघितलं, बराच वेळ. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता उतरला. ज्या माणसाचा शब्द आपण चारचौघांत मिरवला, तो माणूस आपल्याला वाटला तितका शहाणा नाही हे कळलं, की म्हातारपणी माणूस असाच दिसतो.

"तूच पैसे भराया लावलेस गो," ते म्हणाले, "आनि तूच घालवलंस."

"हो बाबा."

"काका," प्रितेश म्हणाला.  "काका, खर्च मी देतो सगळा."

"तुमी का देनार?" रामनाथ त्याच्याकडे वळले. आणि त्या म्हाताऱ्यानं चक्क हात जोडले. "तुमी नको बोलत असताना हिनं तुमाला कराया लावलं. आनि आज तुमचा धंद्याचा दिस मोडला. माफ करा. आमच्या घरच्या मानसाची चूक हाय, आमी बघू."

आपल्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस हात जोडून समोर उभा आहे, आणि आपल्याला ते हात खाली करता येत नाहीत, यापेक्षा खाली माणूस कुठे जाणार? प्रितेशला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तो एक पाऊल पुढे झाला.

"पित्या, हात धुवून घे," संजना म्हणाली. "ताट वाढते."

मागच्या पडवीत ती त्याच्या हातावर पाणी घालायला आली, तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, हे काय केलंस? मी आताच जाऊन खरं सांगतो."

"आनि मंग?" तिनं तांब्या खाली ठेवला. "तू खोटा, आनि तुला झाकनारी मी पन खोटी. आय उद्या ह्या घरात कुठल्या तोंडानं येनार? तिला बाबांच्यासमोर मान खाली घालून बसलेली मी नाय बघनार." ती ओरडली नाही, रडलीही नाही. "तुला बोलून मोकळं व्हायचंय. मला हितं राहायचंय. गप बस आता."

"पन तुजा शब्द..."

"तो गेला," ती म्हणाली आणि आत गेली.

तो जेवायला बसला. शेजारी रामनाथ. माशाचं कालवण होतं, भाकरी होती. रामनाथ सुनेशी बोलत नव्हते, पण पाहुण्याची विचारपूस करत होते. वालीवला पाणी येतं का, गाळ्याचं भाडं वाढलं का. मधेच म्हणाले, चिरागला काही कळवायला नको, तो जहाजावर, त्याच्या डोक्याला कशाला ताप. प्रितेश हो म्हणत राहिला. घास तोंडात फिरत होता, पण उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

"संजना, त्यांना वाढ गो," रामनाथ म्हणाले. "सकालपासून उन्हात हायत बिचारे, आपल्यापायी."

संजनानं दुसरी भाकरी आणून त्याच्या ताटात घातली. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं मान खाली घालून ती भाकरी सगळी खाल्ली.