डोंग्यातली तिरडी

आधी कोणी हसायचं नाही, तरच सांगतो. जित्या माणसाची तिरडी बांधून त्याच्याच पुढ्यात नेऊन ठेवणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. तो मी!

आमचं गाव पैनगंगेच्या दोन धारांच्या मधात, बेटावर. उन्हाळ्यात रेतीतून बैलगाडी खडखडत जाते. पण पावसाळा लागला की दोन्ही धारा भरतात, अन् चार महिने आम्हाले कोणी वाली नाही. एका साली गावातला एकुलता एक डोंगा बाजाराले गेलता, अन् इकडे एक अडलेली बाई काठावर वाट पाहतच गेली. फार वाईट झालं ते. त्यानंतर आम्ही पोरांनी सेवा मंडळ काढलं, मंडळाचा डोंगा केला. नियम कडक! डोंगा आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी अन् मयतासाठी. तिथं जात इचारायची नाही. पण बाकी कोणत्याच कामाले डोंगा हलणार नाही.

मी मंडळाचा सचिव. आमच्याकडे घाटावर शोकसभा होतेच, अन् तिथं बोलायचं काम माह्याकडे. लोक म्हणत, "जितेपणी नाही, पण मेल्यावर सचिव चांगलं बोलते बावा!"

तं झालं काय, गावाच्या खालच्या टोकाले उकंडाजी राहत. घरातल्या सगळ्यांनी बौद्ध दीक्षा घेतलेली. त्यांचं पोरगं दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाले. छातीचं दुखणं वाढलं म्हणून उकंडाजीले आम्हीच डोंग्यातून पलीकडे सोडलं. दिग्रसच्या दवाखान्यात गेले ते गेलेच. आमच्यापर्यंत काही खबर नाही.

अन् ऐन श्रावणात एका सकाळी डोमा धावत आला. डोमा आमचा डोंगा वल्हवणारा.

"सचिव, पलीकडच्या काठावर माणसं उभी हायेत! सगळी पांढऱ्या कपड्यात!"

मी जाऊन पाह्यलं. खरंच! बायासुद्धा पांढऱ्या लुगड्यात. कोणी हाक मारेना, कोणी हात हलवेना. आता तुम्हीच सांगा, चातुर्मासात पांढरे कपडे घालून, मान खाली घालून माणसं कायले उभी राहतीन?

"उकंडाजी गेले," मी म्हणालो. माह्या डोळ्यात पाणीच आलं.

मंग काय! सचिव कामाले लागला. बांबू तोडले, तिरडी बांधली, गावात सांगावा धाडला. सारं गाव घाटाकडे निघालं. माह्या मायले म्हटलं, "तू भागाबाईपाशी जाऊन बस. पण एकदम सांगू नको." भागाबाई म्हणजे उकंडाजीची बायको.

अन् तिरडी डोंग्यात आडवी टाकून आम्ही पलीकडे निघालो. पाणी चढून राह्यलं होतं. मी मनातल्या मनात भाषण जुळवून राह्यलो होतो.

डोंगा काठाले लागला. पांढऱ्या गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. तिरडी पाह्यली अन् घाबरून म्हणाला, "कोण गेलं रे बापा?"

काय सांगू! समोर साक्षात उकंडाजी!

"तुम्ही," मी म्हणालो.

उकंडाजी आधी खो खो हसले, अन् मंग खोकले. बाजूले त्यांचं पोरगं उभं होतं, पांढऱ्या लुगड्यातली नवरी होती, तिचे आईबाप होते. त्यांच्यात लग्नाले पांढरेच कपडे, अन् मुहूर्त नाही, चातुर्मास नाही, म्हणून उकंडाजीनं दुखणं उतरताच सोयरीक पक्की केली होती. लग्न आज, घरच्या अंगणात.

"मंग हाक काहून नाही मारली?" मी इचारलं.

"कशी मारू सचिव?" ते हळूच म्हणाले. "आमच्या मरणाले डोंगा येते, हे माहीत होतं. लग्नाले येईन का, तेच समजत नव्हतं. म्हणून उभे होतो."

खरं सांगतो, मले लई लाज वाटली. पाणी तं वाढतच होतं. अजून थोडा उशीर, अन् लग्न काठावरच राहिलं असतं.

डोमा कानात म्हणे, "सचिव, नियम?"

"नियम मेला! त्याचीच तिरडी समज!" म्हणून मी तिरडी धारेत सोडून देली, अन् नवरीले डोंग्यात बसवलं.

इकडे भागाबाईच्या घरी वेगळीच गंमत. माय रडायच्या तयारीनं गेली, तं तिथं चुलीवर कढई! दिग्रसहून परतलेल्या एका आजाऱ्यासंगं भागाबाईले लग्नाचा सांगावा आधीच आलता. आनंदात असलेल्या बाईले सांगायचं कसं? मंग माय कांदे चिरत बसली. रडायले काहीतरी निमित्त पाहिजे ना! भागाबाईनं तिच्या हातावर बुंदी ठेवली, अन् त्या घरात कधी पाणी न पेलेली माह्यी माय रडत रडत खाऊन बसली.

घाटावर मयतीसाठी जमलेलं सारं गाव वरातीमागं निघालं. परत जायले तोंड कोणाले होतं? उकंडाजीच्या अंगणात एवढी माणसं कधीच आली नव्हती. लग्न छान लागलं. मंग उकंडाजी म्हणाले, "सचिव, दोन शब्द बोला. तुमचं भाषण नावाजलेलं हाये."

मी उभा राहिलो. छाती भरून आलती. उकंडाजीच्या कष्टाबद्दल बोललो, मोठ्या मनाबद्दल बोललो. लोकांचे डोळे ओले झाले. अन् शेवटी, सवय हो, दुसरं काय, हात जोडून म्हणालो,

"आता आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

अन् सारे राहिले ना उभे! नवरा, नवरी, सोयरे, सारं गाव! कोणी हूं नाही की चूं नाही. चूक ध्यानात आली तसा मी घामाघूम. पण आता थांबवायचं कसं?

शेवटी उकंडाजीच माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसा बाप्पा, पंगत वाढली हाये. अन् सचिव, मी खरंच मेलो की तुम्ही लग्नाचं भाषण करजा. फिट्टमफाट होईन!"