दामोदर मास्तर आणि वीस प्रश्न

कागदावरचा कुठलाही प्रश्न दामोदर मास्तर आधी स्वतःलाच विचारायचे. ओठ हलवत तो वाचायचे, क्षणभर थांबायचे, 'हो' किंवा 'नाही' असं स्वतःलाच उत्तर द्यायचे, आणि मग प्रश्नाची भाषा पटली तर पेन्सिलीने बाजूला बरोबरची खूण करायचे, नाहीतर फुली मारायचे. आमच्या डिचोलीच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी त्यांनी वीसपैकी चौदा प्रश्नांवर फुली मारली, तेव्हा मला त्यांचा थोडा रागच आला होता.

मी नुकतीच मानसशास्त्राचं शिक्षण संपवून आपत्तीत सापडलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले होते. अपघात, पूर, मारहाण असं काही भोगलेल्या माणसाच्या मनात ते अजून सलतंय का, हे चाचपण्यासाठी एक प्रश्नावली असते. मोठ्यांसाठी एक, मुलांसाठी वेगळी. तिने आजार ठरत नाही, पण समुपदेशकाकडे कुणाला धाडायचं एवढं कळतं. आमच्याकडे आलेला मराठी मसुदा इथल्या लोकांच्या कानाला रुचेल का, हे पाहायला कुणी जाणता माणूस हवा होता. इब्रामपूरच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर असे आमच्याकडे आले. उंच, किडकिडीत, अंगात पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेन्सिली.

"आघातोत्तर ताण," त्यांनी मथळा मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं कोण बोलतं, बाय? आमचा शेतकरी विचारील, हा आघात उत्तरेकडून आला की काय."

'असं कोण बोलतं' हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, शास्त्राचा शब्द आहे, बदलता येत नाही. ते म्हणाले, शास्त्र तुझ्या वहीत राहू दे, प्रश्न मात्र माणसाला विचारायचाय. आणि मला घेऊन ते गावात निघाले. प्रत्येक प्रश्न चारपाच जणांना विचारायचा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

'इतर लोकांपासून दूर गेल्यासारखं वाटतं का?' हा प्रश्न मी एका काजूवाल्याला विचारला. तो म्हणाला, "माझा घर बागेत आसा. लोकांपासून लांबच पडता ता." मी तिथे 'खूपच' या उत्तरापुढे खूण करणार होते. मास्तरांनी माझा हात धरला आणि त्याला विचारलं, "चार माणसांत बसलास तरी एकटा पडलंय असा वाटता रे?" तो हसला, म्हणाला, तसं कशाला वाटेल. त्या दिवशी माझा राग गेला. एका शब्दामुळे एक धडधाकट माणूस मी समुपदेशकाकडे धाडायच्या यादीत घातला असता.

मुलांच्या प्रश्नावलीच्या वेळी तर मी त्यांच्याकडून शिकलेच. बांधकामावर काम करणाऱ्या बेळगावकडच्या कुटुंबातली एक आठ वर्षांची मुलगी होती. पावसात त्यांची खोली पडली होती. मी काही विचारलं की ती आईच्या तोंडाकडे बघायची आणि 'नाही' म्हणायची. आईही सांगत होती, पोरगी मजेत आहे, काही नाही तिला. मास्तर उठले, आईला म्हणाले, तुमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीबद्दल मला नीट सांगा, माझ्या हातून ती थापली की मोडते. तिला बोलत बोलत त्यांनी अंगणाच्या पार टोकाला नेलं. मुलगी माझ्याकडे सरकली आणि हळूच म्हणाली की रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपते, भिंत हलली तर कळावं म्हणून. परत येताना मास्तर एवढंच म्हणाले, "पोराला विचारायचं असेल तर पोरालाच विचार. आईला वेगळं विचार. दोघी खरंच बोलतात, पण आपापलं."

मोठ्यांच्या मसुद्यातला एक प्रश्न तेवढा राहिला होता. झालेल्या गोष्टीची आठवण देणाऱ्या जागा, वस्तू, माणसं टाळता का? मास्तरांनी तो नेहमीप्रमाणे स्वतःला विचारला, 'नाही' म्हणाले, आणि पेन्सिल तशीच धरून बसले. मग त्यांनी विचारलं, मुलाच्या वतीने आई उत्तर देते, तसं बायकोच्या वतीने नवऱ्याला देता येतं का? मी म्हटलं, नाही, मोठ्या माणसाने स्वतःच द्यायचं असतं.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "म्हापशाहून येताना तिची बस वळणावर उलटली. तिला फक्त कोपराला खरचटलं. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, मीही. त्यानंतर ती बसमध्ये चढली नाही. मुलगी मांद्र्याला दिलीय. तिथे नातीच्या बारशालाही गेली नाही. मुलगी रुसली. आणि मी, बाय, मी चार वर्षं तिला हट्टी म्हणतोय."

त्यांनी मला घरी बोलावलं. घरच्या माणसाने घरच्या माणसाला हे प्रश्न विचारू नयेत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी, शालिनीकाकी, यांनी आधी मला चहा दिला, मग समोर बसल्या. मास्तर आपण होऊन बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. प्रश्न सगळे त्यांच्याच भाषेतले झाले होते, त्यामुळे काकी कुठेही अडल्या नाहीत. 'जे झालं त्यात आपली चूक होती असं वाटतं का?' हा प्रश्न मी पुरा वाचलाही नव्हता, तेवढ्यात त्या 'होय' म्हणाल्या. मग कागदाकडे न बघता सांगू लागल्या. शेजारच्या बाईला मळमळत होतं म्हणून त्यांनी आपली खिडकीची जागा तिला दिली होती. ती बाई अपघातात गेली. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. देव पावला म्हणून घरात नारळ फुटत असताना हे कसं सांगायचं, असं त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले तेव्हा मास्तर आवारातल्या दगडावर बसले होते. काकी समुपदेशकाकडे जायला तयार आहेत, एवढंच मी त्यांना सांगितलं. खिडकीच्या जागेचं काकींनीच त्यांना नंतर कधीतरी सांगितलं.

समुपदेशक बाई दर मंगळवारी आरोग्य केंद्रात यायच्या. ते पायी दीड तासाच्या वाटेवर होतं. स्कूटर मास्तरांना येत नव्हती, रिक्षात काकी बसत नव्हत्या. मग दोघं चालत जायची, चालत यायची. बाईंनी पायरी पायरीने सांगितलं होतं: आधी नुसतं थांब्यावर उभं राहायचं, बस येऊ द्यायची, जाऊ द्यायची. त्याप्रमाणे दोघं रोज संध्याकाळी थांब्यावर उभी राहायची. कंडक्टर हात करायचा, मास्तर मान हलवून 'नको' म्हणायचे. गावात लोक हसत. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? "तिला चार वर्षं घाई केली," ते म्हणाले. "आता थांबतो."

त्यानंतर माझी बदली झाली आणि भेटी कमी झाल्या. आमची प्रश्नावली छापली गेली, अजून वापरात आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या चवथीनंतर मास्तर गेले. हृदय बरेच दिवस थकत आलं होतं, घरच्यांना ते कळलं उशिरा. मी भेटायला गेले तेव्हा काकी लेकीच्या घरी, मांद्र्यालाच होत्या, बसने आलेल्या. नात त्यांच्या मांडीवर होती. मी न राहवून विचारलं, बसमध्ये बसायला शेवटी कशा तयार झालात? समुपदेशक बाईंमुळे की मास्तरांमुळे?

"मी बरी झालंय म्हणान नाय बसलंय, बाय," त्या म्हणाल्या. "एक दिवस आरोग्य केंद्रातून परत येताना बघलंय, तर ह्यांचे पाय सुजलेले. वहाण जायना पायात. म्हटला, आता बसमधून जावया."

मग आठवून त्या थोड्या हसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी बस अर्धी रिकामी होती. त्यांना खिडकीपासून दूर, आतल्या बाजूला बसवून मास्तर त्यांच्यापुढे उभे राहिले, दांड्याला धरून, समोरचा रस्ता आणि वळणं त्यांना दिसू नयेत अशा बेताने. काकींनी दोनदा सांगितलं, बसा. ते म्हणाले, बसतो. आणि घर येईपर्यंत तसेच उभे राहिले.