परेरा बाईंच्या तासाविरुद्ध एक निनावी पत्र

परेरा बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. शिक्षकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या... पहाटे हृदयविकाराचा झटका, अंत्यविधी दुपारी चार वाजता गिरगावच्या चर्चमध्ये. त्याखाली भराभर जोडलेले हात आले. चित्रकलेच्या सरांनी घाईत उंचावलेला अंगठा टाकला, मग तो पुसला, मग पुसल्याबद्दल माफी मागितली. बाई असत्या तर या एका अंगठ्यावर आठवडाभर हसल्या असत्या. मी मात्र एकाच उत्तराला दोनदा गुण देऊन बसलो आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आता पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी मला माझा एक गुन्हा कबूल करावा लागेल. तो त्यांच्यासमोर कबूल करायचा राहून गेला, आणि तेच मला खातंय.

लालबागच्या आमच्या मराठी शाळेत बाई इतिहास शिकवायच्या आणि मी गणित. बावीस वर्षं आम्ही शिक्षकखोलीत एकाच टेबलाशी बसलो. त्यांच्या डब्यातल्या सुक्या बोंबलांवर माझा हक्क होता आणि माझ्या घरच्या उकडीच्या मोदकांवर त्यांचा. भांडणं मात्र रोजची. माझं म्हणणं, प्रश्नाला एक उत्तर असतं, ते लिहावं, दोन रेघा माराव्यात आणि घरी जावं. त्या म्हणायच्या, "अहो कदम सर, तुमच्या विषयात सगळे मेलेले आकडे. माझ्या विषयात मेलेली माणसंसुद्धा वाद घालतात."

टाळेबंदीत सगळी शाळा फोनवर भरायला लागली तेव्हा आम्ही बाकीचे 'आवाज येतोय का?' एवढं विचारण्यात तास संपवत होतो. बाईंनी तेवढ्यात भाचीकडून एक गोष्ट शिकून घेतली. इंटरनेटवर एक कोरं पान उघडायचं, त्यात चाळीस मुलांनी एकाच वेळी लिहायचं, आणि दुसऱ्याच्या वाक्यापाशी समासात आपली शंका टाकायची. नुसतं विधान असेल तर ते लाल करायचं, सोबत पुरावा असेल तर हिरवं. शाळा परत भरली तरी त्यांनी हे सोडलं नाही. दर गुरुवारी नववी ब घेऊन त्या संगणक कक्षात जायच्या. बारा संगणक, त्यातले नऊ चालू, एका खुर्चीवर दोन पोरं. पाठ्यपुस्तकातली वाक्यंसुद्धा त्या पानावर चढायची आणि मुलं त्यांना लाल करून सोडायची. तयार उत्तर बाई कधीच द्यायच्या नाहीत. मुलं रडकुंडीला यायची, घंटा व्हायची, आणि वाद जिन्यावरून खाली उतरून मैदानात चालू राहायचा. मला हे सगळं शुद्ध वेळकाढूपणा वाटायचं.

तरी मी गप्पच राहिलो असतो, पण मध्ये रस्सीखेच आली. डिसेंबरच्या क्रीडादिनाला नववी अ आणि नववी ब यांच्या सामन्यात पंच मी होतो. मी अ जिंकल्याचं जाहीर केलं आणि मैदानात बोंबाबोंब झाली. पुढच्या गुरुवारी बाईंनी तोच विषय पानावर घेतला. दोन्ही वर्गांनी घडलेलं लिहायचं आणि खरं काय ते शोधायचं. मी कुतूहलाने डोकावलो आणि म्हटलं, "एवढं कशाला? मला विचारा ना, मी पंच होतो." सानिका नावाची चुणचुणीत मुलगी जागेवरूनच म्हणाली, "सर, पण तुम्ही अ चे वर्गशिक्षक आहात ना? मग तुमचं कसं धरायचं?" आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने माझी साक्ष लाल केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी लाल केलं नव्हतं. बाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या, त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रविवारी मी करी रोडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मुख्याध्यापकांच्या नावे पत्र टाइप करून घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप, आणि सही 'एक चिंतित पालक'. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते शाळेच्या सूचना पेटीत टाकलं. मुलं उत्तरं लिहायला विसरली आहेत, दहावी तोंडावर आहे, मोठ्यांचा मान राहिलेला नाही, तरी हा तास बंद करावा, असा मजकूर. मुख्याध्यापक तक्रारीला भलते घाबरतात. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, आठ दिवसांत समाधानकारक खुलासा द्या, नाहीतर तास बंद. बाई शिक्षकखोलीत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. "निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, सर," त्या म्हणाल्या. "हा एक तास तरी माझा होता हो." मी डब्यात तोंड घालून बसलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

गुरुवारी बाईंनी ते पत्रच जसंच्या तसं पानावर उतरवून मुलांपुढे ठेवलं. मुख्याध्यापक पहिल्या बाकावर, आणि प्रोजेक्टर लावायला मदत म्हणून बाईंनी बोलावलेला मी शेवटच्या. भिंतीवर पत्र उजळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हाताला एकतीस वर्षांचं वळण, दुसरं काय! वर ठळक लिहिलं होतं 'पक्ष', त्याखाली 'साध्य', मग 'सिद्धता', मग एक ते सहा पायऱ्या, आणि शेवटी... 'हेच सिद्ध करायचे होते'. जगातला कुठला पालक भूमितीच्या प्रमेयासारखी तक्रार लिहितो? पण पोरं मजकुरावरच तुटून पडली. 'मान राहिला नाही' लाल. 'वेळ फुकट जातो' लाल. पायरी दोनवरून पायरी तीन निघत नाही, असं एकाने समासात लिहिलं, आणि मला कबूल करावं लागेल, ती खरंच निघत नव्हती. शेवटी सानिका उठून म्हणाली, "बाई, पण यांचं एक बरोबर आहे. आमची लिहिण्याची सवय गेलीय. माझा मागचा पेपर अर्धा राहिला." आणि तिने पुरावा म्हणून स्वतःचे गुण लिहून ती ओळ हिरवी केली. बाई म्हणाल्या, "मान्य. सोमवारी उत्तरं लिहायची, गुरुवारी वाद." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. तास वाचला. माझ्या पत्राला इतक्या न्यायाने कोणी वागवेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. पत्राचा बाज कोणाच्या लक्षात आला नाही म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि वर मनात म्हटलं, एवढं समोर दिसत असून कळलं नाही, कसलं यांचं निरीक्षण!

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "सर, काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "चहा गार होतोय." पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. बोंबील मात्र येत राहिले. वर्ग दहावीत गेला, तासही त्यांच्याबरोबर गेला, आणि जुलैत बाई गेल्या. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं मला कळत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या त्यांच्या भावाकडे बघून मी उठत-बसत राहिलो, आणि दर वेळी मनात म्हणत राहिलो, आज सांगतो, आज सांगतो...

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी तो गुरुवारचा तास मला दिला. दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मी संगणक कक्षात गेलो, बाईंची पानं उघडली, आणि नवा धडा काढण्याऐवजी ते पत्र काढलं. चाळीस पोरं बघत होती. 'एक चिंतित पालक' हे शब्द मी पुसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिथे माझं नाव लिहिलं. कोणी हसलं नाही. मग समासात सानिकाचे शब्द उमटले, "सर, आता बोललं तर चालेल? बाईंनी सांगितलं होतं, सर आपल्या हाताने नाव लिहीपर्यंत कोणी एक शब्द काढायचा नाही." त्याखाली दुसऱ्या मुलाचं आलं, "आम्हाला 'पक्ष' वाचतानाच कळलं होतं, सर." मग तिसऱ्याचं, चौथ्याचं. लालबागच्या ज्या पोरांच्या पोटात गणपतीच्या वर्गणीची गोष्ट तासभर राहत नाही, त्यांनी आठ महिने माझी लाज राखली होती. आणि बाई सात महिने वाट बघत मला बोंबील खाऊ घालत होत्या.

मला काही दिसेना, चष्मा काढला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून सानिकाने तोंडानेच विचारलं, "सर, पण का लिहिलं होतंत?"

मी सवयीने फळ्याकडे वळलो, खडू उचलला आणि परत ठेवला. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "राग आला होता गं. त्यांच्या तासाला घंटा झाली तरी तुम्ही उठायचा नाहीत, आणि माझ्या तासाला घंटेआधीच दप्तरं भरायचात."

त्यानंतर घंटा झाली. कोणी उठलं नाही.