अर्ध्या गाडीची तपासणी

बाबाराव वैरागडेंना कोणी ट्रक ड्रायव्हर म्हटलं, की ते तिथल्या तिथे दुरुस्त करत. "ट्रक नाही, ट्रेलर. ट्रक तर कोणीबी चालवते गा."

सत्तावीस वर्षं त्यांनी लोखंड वाहिलं. पुढे इंजिन आणि केबिन, त्याला या धंद्यात घोडा म्हणतात. मागे चाळीस फुटी ट्रेलर. दोघांना जोडणारी मधली खुंटी मनगटापेक्षा थोडी जाड. दोघांचे नंबर वेगळे, फिटनेसची तारीख वेगळी, विमासुद्धा वेगळा. कामठी रोडवरच्या त्यांच्या वस्तीत एका लग्नात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या द्रोण पत्रावळीला टेकवून चार जणांना शिकवलं होतं, की ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. वाढपी वरण घेऊन उभा, आणि हे म्हणतात, "थांब गा, वळण अजून पूर्ण नाही झालं."

अशा माणसाच्या हातची गाडी फेब्रुवारीतल्या एका दुपारी उमरेड रोडवर कैचीसारखी मिटली.

झालं ते असं. बुटीबोरीहून पुलाच्या कामाच्या सळाखी भरून ते भिवापूरच्या दिशेनं निघाले होते. उतारावर एक कार ओव्हरटेक करून पुढे घुसली आणि एकदम थांबली. बाबारावांनी ब्रेक दाबला. घोडा थांबला. ट्रेलर थांबला नाही. मागचं तीस टन लोखंड घोड्याला ढकलत राहिलं, घोडा आडवा फिरला आणि ट्रेलरचं शेपूट झाडूसारखं समोरच्या बाजूचा रस्ता झाडत गेलं. समोरून मोटारसायकलवर गिरिधर नावाचे भिवापूरच्या एका सरकारी कचेरीतले कारकून येत होते. ते जागीच गेले.

बाबारावांचं कपाळ फुटलं होतं. ते उतरले, त्या माणसाजवळ गेले, नाडी पाहिली आणि रस्त्यावर मटकन बसले. तासाभरात दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. एसटी अडकली, एक अँब्युलन्स अडकली. क्रेनवाला आला, पण त्याला घोडा आणि ट्रेलर सोडवता येईना. उगाच सब्बल मारत होता. बाबारावांना ते पाहवेना. रक्त पुसत ते उठले, म्हणाले, "हट बाजूला. मोडशील ते." स्वतः खाली वाकले, हवेचे पाइप काढले, खुंटीची कडी ओढली. मालकानं तोवर दुसरा घोडा पाठवला होता. त्यालाही पाइप जोडून द्यायला हेच. ट्रेलर माल घेऊन पुढे गेला, रस्ता मोकळा झाला, आणि मोडका घोडा पोलिसांनी ठाण्यात नेला.

लोकांनी पाणी दिलं. एक जण म्हणाला, "काका, मानलं तुमाले." इतकी मोठी चूक करताना एवढी शाबासकी फार कमी लोकांना मिळत असेल.

चूक कळली दीड महिन्यानं. बाबारावांची मुलगी अस्मिता झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं काम करते. बाबारावांवर लागलेल्या निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याच्या केसची कागदं तिनं मिळवली आणि घरी वाचून दाखवायला बसली. आरटीओच्या तपासणी अहवालावर ती अडली.

"बाबा, यात लिहिलं आहे, ब्रेक कार्यक्षम. अपघात यांत्रिक बिघाडामुळे झालेला नाही."

"काय बोलून राहिली? चार चाकाइले ब्रेकच नव्हता!"

"कोणत्या चाकाइले?"

"ट्रेलरच्या!"

अस्मितानं कागद उलटसुलट केला. "यात ट्रेलर नाहीच आहे बाबा. फक्त घोड्याचा नंबर आहे."

बाबाराव दुसऱ्या दिवशी आरटीओत गेले. निरीक्षक फाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "ठाण्यात जी गाडी उभी होती, ती तपासली."

"साहेब, तिथं अर्धीच गाडी उभी होती. जे मागून ढकलत होतं ते तपासलंच नाही, अन् लिहून देता ब्रेक चांगले? म्हणजे पाय दुखते त्याचा दात तपासल्यासारखं झालं!"

"पोलिसांच्या पत्रात एकच नंबर होता. त्यांना विचारा."

ठाण्यात गेले. हवालदारानं पंचनामा काढला. 'लोखंडी सळाखी भरलेला ट्रेलर' असं त्यात होतं, पण नंबर नव्हता.

"नंबर काहून नाही लिहिला?" बाबारावांचा आवाज चढला.

"हळू बोला. तुमच्यावरच केस आहे." हवालदारानं बोट एका ओळीवर ठेवलं. "आणि हे वाचा. ट्रेलर घटनास्थळावरून कोणी सोडवला? चालकानं स्वतः. तुमच्याच जबाबात आहे. पुरावा तुम्ही हलवला आणि आम्हाला विचारता?"

 बाबाराव बाहेर आले आणि ठाण्याच्या पायरीवर बसून आपलेच हात पाहत राहिले. रस्ता मोकळा करणं हे पोलिसांचं काम, पुरावा जपणं हेही पोलिसांचं काम. पण कागदावर दोन्हीचा दोष एका ड्रायव्हरच्या नावावर चढतो, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग ते मालकाकडे गेले. भैयाजींचं ट्रान्सपोर्ट वाडीच्या बाजूला होतं. ट्रेलर आवारातच उभा होता. बाबाराव आधी ऑफिसात गेलेच नाहीत, थेट ट्रेलरखाली शिरले. सहाच्या सहा चाकांना नवे ब्रेक बसवले होते. वरचा रंगही ओला वाटावा इतका नवा. हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. जुन्या फाटलेल्या ब्रेकमधून ती हवा गळायची, म्हणून चार पाइपांची तोंडं मेकॅनिकनं बोल्ट ठोकून बंद केली होती. हवा गळणं थांबलं, आणि त्या चार चाकांचं थांबणंही थांबलं. ते बोल्ट आता कुठल्या भंगारात गेले, देव जाणे.

"अरे वा, बाबाराव!" भैयाजी बाहेर आले. "खाली काय शोधून राहिले?"

"बोल्ट शोधून राहिलो. चार होते."

"कोणते बोल्ट?"

"भैयाजी, म्या तुमाले तीनदा सांगतलं होतं. दिवाळीच्या आधी एकदा, मग संक्रांतीले, अन् भरायले निघालो त्या सकाळी. याच टेबलापाशी."

"रजिस्टरमध्ये लिहिलं होतं का?"

"तोंडानं सांगतलं."

"मंग?" भैयाजी हसले. मग खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, "हे पाहा, तुमच्यावर कोणाचा राग नाही. त्या मेलेल्या कारकुनाच्या बाईनं नुकसानभरपाईचा दावा टाकला आहे. आपला वकील आहे, तुमच्या तर्फेबी तोच उभा राहील. तुमी फक्त कोर्टात येऊ नका. ड्रायव्हर कोणी येतच नसते. घोड्याचा विमा आहे, कंपनी भरून टाकेल. ट्रेलरचं कायले काढता?"

ट्रेलरचं कायले काढायचं नाही, ते बाबारावांना रात्री अस्मितानं मोबाइलवर दाखवलं. ट्रेलरचा फिटनेस आठ महिन्यांपूर्वी संपला होता, विमा त्याच्याही आधी. ट्रेलर कागदावर आला की भैयाजी कागदावर येत होते. आणि ट्रेलर नाही आला, तर कागदावर एकच गोष्ट राहणार होती. गाडी ठणठणीत होती, ड्रायव्हर नालायक होता.

"मी भिवापूरले जातो," बाबाराव म्हणाले.

"त्या बाईकडे? बाबा, ते मारतील तुमाले."

"मारू दे."

गिरिधरांची पत्नी सुमती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. बाबारावांनी चपला काढून हातात घेतल्या, मग काय करावं ते न सुचून पुन्हा घातल्या.

"मी बाबाराव वैरागडे. तो ट्रेलर..."

"ओळखलं. कागदावर तुमचं नाव रोज वाचते मी."

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घोडा, ट्रेलर, बोल्ट, अर्धी तपासणी, नवे ब्रेक.  शेवटी ते म्हणाले, "तुमच्या वकिलाले सांगा, मले साक्षीले बोलवा. ट्रेलरचा नंबर माझ्याजवळ आहे. त्यालेबी पार्टी करा."

"मला एक सांगा," सुमती म्हणाली. "ब्रेक नाहीत हे तुम्हाला आधी माहीत होतं की नंतर कळलं?"

भैयाजींच्या वकिलानं फोनवर बजावलं होतं, की कोर्टात यावंच लागलं तर एवढं म्हण, मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेला ड्रायव्हर वाचतो. पण ठाऊकच नव्हतं, तर मालकाला सांगितलं कसं? मालकाला अडकवायचा रस्ता स्वतःच्या गळ्यावरूनच जात होता. बाबारावांना हे येताना एसटीत बसल्या बसल्याच उमगलं होतं, आणि उमरेड ते भिवापूर त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"मग नेली कशाला?"

"नाही म्हटलं असतं तर दुसरा ड्रायव्हर उभाच होता..." ते अडखळले. हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. "अन् मले वाटे, माझ्या हातात आहे तं काय होते. ब्रेक बाकीच्याइले लागते. मी सत्तावीस वर्षं..."

सुमतीनं दार लावून घेतलं.

पण तीन आठवड्यांनी समन्स आलं. तिच्या वकिलानं ट्रेलरला दाव्यात जोडायचा अर्ज दिला होता आणि साक्षीदार म्हणून बाबारावांना बोलावलं होतं.

त्यानंतर दोन तारखा फुकट गेल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा विमा कंपनीच्या वकिलाला दुसरीकडे काम. बाबाराव दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दोन्ही वेळा शिपायाशी भांडून गेले. लायसन्स जप्त, काम बंद. वस्तीतले लोक विचारायचे, "काय गा, झालं का नाही तुमचं?" आणि ते खेकसायचे, "तुमची पोट्टी पास झाली का? तसंच!"

तिसऱ्या तारखेला ते पिंजऱ्यात उभे राहिले. सुमतीच्या वकिलानं ब्रेकचं विचारलं, बोल्टचं विचारलं. बाबारावांनी दोन्ही हात जोडून घोडा आणि ट्रेलर कसा मिटतो ते दाखवलं. न्यायाधीश म्हणाले, "हात दाखवू नका, तोंडानं सांगा. हात टाइप होत नाहीत."

मग भैयाजींचा वकील उठला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही अनुभवी चालक आहात. त्या सकाळी ब्रेक खराब आहेत हे तुम्हाला माहीत होतं, हे खरं आहे?"

"खरं आहे. अन् म्या भैयाजीले..."

"विचारलं तेवढंच. रजिस्टरमध्ये तुमची एकही तक्रार नाही, हे खरं आहे?"

"रजिस्टर कोण देते हातात? म्या तोंडानं..."

"म्हणजे नाही. झालं, साहेब."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. बाबारावांनी विचारलं, "बाई, काय लिहिलं, वाचा बरं."

बाईंनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि वाचलं. "हे म्हणणे खरे आहे की, ब्रेक नादुरुस्त असल्याचे मला माहीत होते. हे म्हणणे खरे आहे की, मी रजिस्टरमध्ये तक्रार नोंदवली नाही."

"अन् मालकाले तीनदा सांगतलं, ते?"

"ते विचारलं नव्हतं," न्यायाधीश म्हणाले. "या खाली."

"नाही येत."

 मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

"साहेब, तिकडं अर्धी गाडी तपासली. इथं अर्धं बोलणं लिहिता. माझा गुन्हा पूर्ण लिहा, मी नाही कुठं म्हणतो? पण दुसऱ्याचाबी लिहा! हे लिहिल्याबिगर मी खाली उतरत नाही. टाका जेलात!"

"आवाज खाली. शेवटचं सांगतो."

भैयाजींचा वकील कागद आवरत होता. सुमतीचा वकील फाइलमध्ये पुढच्या केसचं पान शोधत होता. त्याला बहुधा वाटलं, साक्ष वाया गेली. तेव्हा मागे बसलेली सुमती उठली आणि तिनं त्याच्या काळ्या कोटाची बाही धरून ओढली. कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "विचारा ना त्यांना. माहीत होतं, तर कोणाला सांगितलं होतं का?"

वकील उभा राहिला. उलटतपासणीतून निघालेला मुद्दा आहे, एक प्रश्न विचारायची परवानगी असावी, म्हणाला. समोरच्यानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "एकच."

बाबारावांनी उत्तर दिलं. दिवाळीच्या आधी, संक्रांतीला आणि त्या सकाळी, भैयाजींच्या टेबलापाशी. ते हळूहळू, शब्द तोडून बोलले. बाईंची बोटं चालत होती तोवर त्यांनी पिंजऱ्याची कड सोडली नाही. पूर्ण वाचून घेतलं, मगच उतरले.

बाहेर व्हरांड्यात भैयाजी म्हणाले, "बाबाराव, आता विदर्भात कोणी घोडा देणार नाही तुमच्या हातात."

"माहीत आहे. हेबी लिहायचं का रजिस्टरमध्ये?"

सुमती जिन्यापाशी उभी होती. बाबाराव जवळ गेले. 

"तरी तुम्ही नेलीच ना गाडी," ती म्हणाली.

"नेली."

तिनं मान हलवली, पर्स काखेत घट्ट धरली. "एकोणीस तारखेला मालकाची साक्ष आहे. तो नाही म्हणेल. तुम्ही समोर बसलेले असा."

एवढं बोलून ती भिवापूरची बस पकडायला निघून गेली.