चुना लागलेलं अंडं

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली आणि गिरजाबाई तांबे चुन्याचा डबा घेऊन बाहेर पडल्या की आमच्या सेक्टरातली कुत्रीसुद्धा उठून चालू लागत. जे जागचं हलत नाही ते रंगवायचं, एवढाच बाईंचा नियम. झाडांचे बुंधे, नळाचा खांब, वाटेकडेचे दगड. एकदा यजमान सिताराम बाकावर पेपर वाचता वाचता पेंगले होते, ते थोडक्यात बचावले.

ही बागही बाईंचीच करणी. ऐंशीच्या सुमारास मंडळी वाशीला राहायला आली तेव्हा समोर नुसता खडी टाकलेला प्लॉट होता. बाईंनी शेजारणी गोळा केल्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादल्यांनी वाहिलं आणि करंज, गुलमोहर वाढवले. खारी आल्या, बुलबुल आले. मधोमध खडीचा एक तुकडा तेवढा उरला होता.

एका वर्षी बाई त्याच तुकड्यावर ब्रश घेऊन वाकल्या आणि डोक्यावर टिटवीने एकच आकांत मांडला.

"ओरडायला काय झालं? चुनाच लावतेय, तुझ्या बापाचं काय जातं?"

मग पदरातून चष्मा काढून पाहिलं. दगडांसारखीच ठिपक्यांची चार अंडी, आणि त्यातलं एक अर्ध्या बाजूने जयंतीसाठी तयार!

त्या दुपारी बाईंना घास गेला नाही. "अहो, मी पोर मारलं हो तिचं."

"अगं, अर्धंच रंगवलंयस," सितारामांनी धीर दिला. "उरलेल्या अर्ध्यातून श्वास घेईल."

टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली तेव्हा कुठे बाई चहा प्यायल्या. पण दोन दिवसांनी जयंती कमिटीचे अध्यक्ष पोपटराव एका मंडपवाल्याला घेऊन हजर.

"वहिनी, स्टेज दरवर्षी मधेच असतं. अंडी उचलून कडेला ठेवू. टेन्शन कशाला घेता?"

"हात लावून तर बघ, पोपट!" बाई आडव्या उभ्या राहिल्या. "गावात आपल्याला पाणवठ्यावरून हाकलत होते, ते विसरलास? आता बाग आपली झाली, तर आपण हाकलायला शिकायचं? तेही जयंतीला?"

पोपटने मागे वळून पाहिलं. मंडपवाल्याने खांद्यावरचा बांबू आधीच खाली ठेवला होता.

स्टेज नळाशी गेलं. कर्ण्यांची तोंडं रस्त्याकडे फिरली. खडीभोवती दोरी बांधून बायका पाळीपाळीने राखणीला बसल्या.

जयंतीच्या सकाळी तीन अंडी फुटली आणि काड्यांसारख्या पायांची तीन पिल्लं तुरुतुरु पळू लागली. चौथं, पांढरं, तसंच. वंदना झाली, हार झाले, पाहुण्यांचं भाषण रंगात आलं. पांढरंशुभ्र पातळ नेसलेल्या बाई दोरीपाशी बसून होत्या. स्टेजकडे त्यांची पाठ, हे सगळ्यांनी समजून घेतलं.

आणि चुन्याला तडा गेला.

"फुटलं! अहो, फुटलं!"

पोपटने पाहुण्यांच्या हातातला माईक सरळ काढून घेतला. "बंधू-भगिनींनो, चौथंपण आलं हो!"

एवढ्या टाळ्या दिवसभरात कुणालाच पडल्या नव्हत्या. पाहुण्यांना वाटलं आपल्यालाच. त्यांनी हात जोडले. सिताराम बाकावर उभे राहून ओरडले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

गिरजाबाई डोळे पुसत पिल्लू पाहायला जरा पुढे वाकल्या मात्र, टिटवी थेट त्यांच्या अंबाड्यावर झेपावली. झालं गेलं ती काही विसरली नव्हती. बाई पदर सावरत, हसत पळाल्या, आणि सगळा मंडप त्यांच्या नावाने घोषणा देत राहिला.