वंदना मॅडमनी मला मालक केलं

वंदना मॅडम आज सकाळी गेल्या.

माझं त्यांच्याशी भांडण अर्धंच राहिलं.

मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात पायल मोबाईलवर टाइप करते. मधे मधे माझं बोलणं शुद्ध करते. करू द्या, दहावीत आहे.

मॅडम आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवायच्या. गेल्या वर्षी नववीच्या पोरांना त्यांनी कामगारांचे हक्क शिकवायला घेतले. मला वाटलं, असेल काही परीक्षेचं. पाठ करतील, विसरतील.

आता माझं ऐका. मारेगावकडच्या वावरांत कापूस वेचायला मी बायांची टोळी नेते. मालकाचा फोन मला येतो, बाया मी जमवते, गाडी मी सांगते. आणि वावरात पोचलं की सगळ्यांसारखं कमरेला फडकं बांधून मीही वेचते.

एका रविवारी पिकअप आली. सव्वीस बाया दाटीवाटीनं बसल्या. बसतातच.

सुट्टी म्हणून वेचायला आलेली पायल आणि तिच्या दोन मैत्रिणी खालीच उभ्या.

"चढ ना वं!"

"नाही आजी. एवढ्या बाया एका गाडीत नाही न्याव. दोन फेऱ्या कर."

"कोनं सांगतलं?"

"मॅडमनं. कामावर सुखरूप जानं हा आपला हक्क हाये."

गाडीतून शेवंता खिदळली, "पाय वं बुढे, तुह्या घरातच युनियन निघाली!"

ते मला जास्त झोंबलं.

सोमवारी वेचणी सोडून मी शाळेत.

"मॅडम, पोरींले काय शिकवून राह्यल्या तुमी? टोळी मोडन ना माही!"

मॅडम रागावल्या नाहीत. "आजी, वर्गात या. पोरांसमोरच बोलू."

वर्गात मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, आपण नाटक करू. तुम्ही मालक, पोरं मजूर.

घ्या! मला तर तेच पाहिजे होतं.

एक पोरगी उठली. "मालक, जेवाले बसाले सावली पायजे."

"झाड का मी आनून लावू? पदर घे डोक्यावर."

एक पोरगं उठलं. "मालक, गाडी दुसरी पायजे."

"तुही मायबी याच गाडीत जाते. मेली का ते?"

"मालक, मले बरं नाही, आज सुट्टी द्या."

"घे ना, कायमची घे. गावात बाया का कमी हायेत?"

वर्ग हसून हसून लोळला. मी जिंकले.

मग मॅडम म्हणाल्या, "आता मी मालक. तुम्ही मजूर. मागा."

मी पदर सावरला. उभी राहिले.

तोंडात काही आलंच नाही.

लग्नाआधीपासून कापूस वेचते मी. मालकाचं एकेक वाक्य मला पाठ होतं. माझं एकही नव्हतं.

पोरं वाट पाहत होती. पायल मान खाली घालून बसली होती.

शेवटी म्हणाले, "चाय तरी पाजा."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खरंच चहा मागवला.

निघताना मी विचारलं, "मॅडम, मंग मी कोन हावो? मालक का मजूर?"

"मलाही नीट कळत नाही, आजी."

आता बोला! शिकवायचा पगार घेते बाई, आणि हिलाच कळत नाही म्हणे.

पुढच्या रविवारपासून मी दोन फेऱ्या सुरू केल्या. मॅडमचं ऐकलं म्हणून नाही. पायल चढत नव्हती म्हणून.

अर्ध्या बाया उशिरा पोचायला लागल्या. दोन मालकांनी दुसरी टोळी लावली. शेवंता त्याच टोळीत गेली.

बाजारात मॅडम भेटल्या की मी धरायचे. "तुमच्या पायी टोळी अर्धी झाली माही."

"आणि पायल?"

"ते येते आता सुट्टीच्या दिवशी."

"मग?"

मग काय मग! सरळ उत्तर म्हणून या बाईनं कधी दिलं नाही.

चार दिवसांमागे एका मोठ्या मालकाचा फोन आला. महिनाभराचं काम, बाया पहिल्याइतक्या लागतील. सगळ्या बाया एकाच फेरीत आणा, नाही तर राहू द्या. बाया म्हणतात, हो म्हण. पायल नुसती माझ्याकडे पाहते.

मॅडमना विचारायचं होतं. त्या दवाखान्यात ॲडमिट होत्या. म्हटलं बऱ्या होऊन येऊ द्या, मग नीट भांडू.

आज त्यांच्या अंगणात बसले होते, तेव्हा मालकाचा पुन्हा फोन. "काय ठरलं बाई?"

मी म्हणाले, "भाऊ, दोन फेऱ्या. जमत नसन तं राहू द्या."

त्यानं फोन ठेवला.

मी बरोबर केलं, की उरलेली टोळीही बुडवली, मला कळत नाही. उद्या सकाळी बाया दारात येतील. त्यांना काय सांगू, तेही कळत नाही.

मॅडम, मी रामराम म्हणायचे, तुम्ही जयभीम म्हणायच्या.

आज माझा जयभीम घ्या.